वाटेवरच्याचं ताट

मात्सुएच्या घरी रोज सकाळी दोन ताटं मांडली जात. एक तिचं, दुसरं नवऱ्याचं. नवरा घरात नव्हता. सात हिवाळ्यांपूर्वी गिसाकु मासेमारीच्या बोटीवर गेला, ‘परवा येतो’ म्हणाला, आणि तो आला नाही, बोट आली नाही, बोटीची एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

वाजिमात, समुद्राकाठच्या त्या गावात, अशी ताटं पुष्कळ घरांत मांडतात. माणूस लांबच्या वाटेवर असला की घरच्यांनी त्याच्या जागेवर त्याचं जेवण वाढायचं, म्हणजे तो तिकडे उपाशी राहत नाही. साराच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं, जरा थांबायचं, मग झाकण उचलून आतून बघायचं. आत पाण्याचे थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप आहे. झाकण कोरडं निघालं तर काय, हे मुलं विचारतात आणि मोठी माणसं त्यांना ‘आधी जेवा’ म्हणतात.

मात्सुए काही भाबडी नव्हती. उरुशीच्या झाडाचा चीक लाकडावर चढवून त्यावर सोन्याची नक्षी काढणाऱ्या बापाच्या हाताखाली ती वाढली होती, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी गावात जुन्या भांड्यांच्या दुरुस्तीला तिच्याइतका चांगला हात दुसरा नव्हता. उरुशीला सुकायला ओलावा लागतो. कोरड्या हवेत ती महिनाभर चिकट राहते आणि ओल्या कपाटात ठेवली तर रातोरात दगडासारखी होते. तेव्हा दमटपणा, वाफ, थेंब हे सगळं मात्सुएच्या रोजच्या धंद्यातलं होतं. उकळतं सार आणि थंड झाकण, पाणी धरणार नाही तर काय होईल? त्यात गिसाकुचा काय संबंध? असं ती स्वतःला रोज बजावायची, आणि रोज झाकण उचलताना तिचा श्वास अडकायचा.

गिसाकुचा वाडगा तिनेच लग्नाच्या वेळी केला होता. काळाभोर, आणि झाकणावर सोन्याचा एवढासा खेकडा.

“खेकडा?” तेव्हा तो म्हणाला होता. “मी काय तिरका चालतो?”

“सरळ चालणारे असता तर बगळा काढला असता.”

आता असं बोलायलाही कोणी नव्हतं. पाहुणा यायचा तो एकटा तोकुजी, गिसाकुचा धाकटा भाऊ. बंदरावर जाळी दुरुस्त करायचा, आठवड्याला मासे आणून द्यायचा, आणि मासे ठेवले की तेच बोलणं काढायचा. दादा गेला असं मानून घ्यायचा अर्ज त्याने तयार ठेवला होता. त्यावर फक्त मात्सुएचा शिक्का हवा होता.

“वहिनी, दादाला मोकळं करा आता.”

“मी काय बांधून ठेवलंय, भावजी?”

“रोज वाढताय की! पुढ्यात जेवण असेपर्यंत माणूस ताटावरून उठतो का कधी?”

त्याचंही चूक नव्हतं. क्रियाकर्म झालं नाही म्हणून त्याची आई झुरत गेली होती. शेवटी मात्सुएने शब्द दिला. वसंतातल्या पितरांच्या आठवड्यात, ऐन सणाच्या दिवशी दुपारी, तो कागद घेऊन येईल. तोवर झाकणाला पाणी धरत असलं तर ती शिक्का मारणार नाही. पाणी धरलं नाही तर मारेल.

“म्हणजे कधीच मारणार नाही,” तोकुजी म्हणाला. “गरम साराला पाणी धरणारच.”

मात्सुएने मासे उचलून आत नेले.

बर्फ रस्त्याच्या कडेला काळं पडायला लागलं होतं तेव्हा कामाता मास्तर एक लाकडी पेटी घेऊन आले. मोन्झेनच्या बाजूला त्यांचं जुन्या जहाजमालकांचं घर. जहाजं कधीच संपली होती. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि सुट्टीत कोठीघर रिकामं करत. पेटीत पाच वाडगे होते, झाकणांसकट. काळ्या अंगावर सोन्याच्या लाटा, लाटांवरून उडणारे टिटवीएवढे पक्षी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही तशाच लाटा, म्हणजे झाकण उचललं की जेवणाऱ्याला समुद्र दिसावा. दीडशे वर्षांचं काम असेल. मात्सुएने एक वाडगा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

चार झाकणं उत्तम होती. पाचव्याच्या आतलं सोनं पार उडालं होतं. नुसत्या काळ्यावर लाटांच्या रेघा पुसट उरल्या होत्या.

“हे वापरून झालेलं नाही,” ती म्हणाली. “हे कुणीतरी पुसून पुसून घालवलंय.”

“हो,” मास्तर म्हणाले. “आमच्याकडे हे झाकण रोज पुसायचे.” आणि चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कामाला घ्यायला म्हणून पेटी उघडली. पाचवं झाकण आतून ओलं होतं. थेंब बारीक, एकसारखे. तिने ते मऊ कापडाने टिपलं आणि पेटीत गुंडाळायला घातलेल्या कागदाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. मग तिने पाचही वाडगे कोरड्या फळीवर ओळीने मांडले. चार कोरडे, एक ओला. तो तिने शेगडीजवळ ठेवला, जिथे टांगलेले मासे दोन दिवसांत कडकडीत वाळतात. सकाळी झाकण उचललं तर पाणी ओघळून तिच्या मनगटापर्यंत आलं.

तरीही ती कामाला लागली. ओलाव्याने उरुशीचं नुकसान होत नाही, झाला तर फायदाच. लाटेची पहिली रेघ तिने काढली, त्यावर सोन्याची भुकटी पेरली आणि झाकण ओल्या कपाटात ठेवलं. रात्रभरात सुकायला हवं होतं. चार दिवस झाले तरी बोट लावलं की सोनं बोटाला यायचं. तीस वर्षांत तिची रेघ अशी कधी बिघडली नव्हती. ओलावा असताना उरुशीला दोनच गोष्टी सुकू देत नाहीत, तेल आणि मीठ. तेल तर इथे कुठेच नव्हतं. तिने झाकणातला एक थेंब जिभेवर घेतला.

खारट होता.

मास्तर काम बघायला आले तेव्हा तिने आडपडदा न ठेवता विचारलं. “मास्तर, या एका झाकणाला पाणी सुटतं. आत काही नसताना.”

“तुमच्याकडेही सुटतं का,” ते म्हणाले.

“हा वाडगा कुणाचा?”

“योसाबुरोचा. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. आमच्याच जहाजावर उत्तरेला गेला. त्याच्या आईने ताट मांडायला सुरुवात केली. ती गेली, मग सुनेने मांडलं, मग तिच्या सुनेने. शेवटी माझ्या आईने. गेल्या शरदात आई वारली, मी बंद केलं.”

“जाऊन किती वर्षं झाली?”

“नव्वद. गेला तेव्हा अठ्ठावीसचा होता. म्हणजे आज एकशे अठरा.” गणिताचे मास्तर, उत्तर तोंडावरच होतं. पण सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. “आई म्हणायची, पाणी धरतंय म्हणजे तो सुखरूप आहे, त्याचं क्रियाकर्म करायचं नाही. नव्वद वर्षं केलं नाही कुणी. काळजी घ्या, बाई. खरं सांगायचं तर मी हे दुरुस्तीला आणलं नव्हतं. घरात नको म्हणून आणलं.”

ते गेले. मात्सुएने झाकण टिपलं. तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. नव्वद वर्षं एका घराला रोज सकाळी सांगितलं जात होतं की तुमचा माणूस आहे.

पितरांच्या आठवड्याला अठरा दिवस उरले असताना गिसाकुचं झाकण कोरडं निघालं.

सार नेहमीसारखंच उकळतं होतं. खेकड्याचं झाकण तिने हाताने दाबून ठेवलं होतं, मनात शंभर मोजले होते. उचललं तर वाफ तोंडावर आली, आणि झाकणाचा आतला भाग काचेसारखा कोरडा. तिने बोट फिरवलं. कोरडा. तिने सार परत तापवलं, झाकण बाहेर बर्फात थंड करून आणलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा कोरडं. स्वतःच्या वाडग्यावर ताटली ठेवून पाहिली, तिला धो धो पाणी सुटलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कोरडं, तिसऱ्या दिवशी कोरडं, आठवा दिवसही कोरडाच गेला. कारण तिच्याकडे नव्हतं. जी बाई सात वर्षं ‘वाफ आहे नुसती’ म्हणत होती, तिला आता ती वाफसुद्धा मिळेना. रडू आलं तेव्हा तिने उरुशीपासून दूर जाऊन रडून घेतलं, कारण कामाची सवय मरताना जाते.

नवव्या दिवशी तिने ती गोष्ट केली.

त्या भागात बापाच्या वाडग्यात मूल जेवत नाही आणि नवऱ्याच्या वाडग्यात बायको जेवत नाही. ज्याचा वाडगा त्याचा. हे चार वर्षांच्या पोराला कळतं, मात्सुएला कळत नव्हतं असं नाही. तरी तिने फळीवरून लाटांचा पाचवा वाडगा काढला, त्यात गिसाकुचं सार ओतलं, तो गिसाकुच्या ताटात ठेवला आणि रोजच्यासारखी हाक मारली.

“गिसाकु, जेवायला या.”

झाकण उचललं तर थेंबांवर थेंब. ती हसली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडाला होता भलताच कुणी, आणि काडी धरली होती मात्सुएने.

त्यानंतर रोज तेच. खेकड्याच्या वाडग्यातही ती एक पळी सार घाली, बाजूला ठेवी, बघे. कोरडं. मग लाटांच्या वाडग्याकडे वळे आणि नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारी. मध्ये एकदा तोकुजी मासे घेऊन आला तेव्हा तिने त्याला मुद्दाम झाकण उचलून दाखवलं.

“बघा, भावजी. पाणी आहे.”

“हा वाडगा नवीन दिसतोय.”

“जुना दुरुस्तीला काढलाय,” ती म्हणाली. आयुष्यात ती तोकुजीशी पहिल्यांदाच खोटं बोलली. तोकुजीने झाकणाकडे पाहिलं, नाकाने हवा ओढली. “बंदरावर येतो तसा वास येतोय,” म्हणाला, आणि लवकर निघून गेला.

मग सार कमी व्हायला लागलं. आधी दोन बोटं. वाळलं असेल, तिने ठरवलं. मग भातात जेवायच्या काड्यांनी टोकरल्यासारखा खड्डा दिसायला लागला. मग एके दिवशी ती अंगणातलं बर्फ लोटून आत आली तर वाडगा स्वच्छ होता, तळाशी सारात घातलेल्या सोयाबीनच्या पनीरचा तुकडासुद्धा नव्हता, आणि ताटाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

दार तिने आतून लावलं नव्हतं, पण अंगणातल्या ताज्या बर्फावर तिच्या एकटीच्याच पावलांच्या खुणा होत्या.

तिने ताट धुतलं. मिठाची रेघ तिने दोनदा घासून काढली. पण खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. सात वर्षांत तिच्या हातचं कुणी संपवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने एक मूठ तांदूळ जास्त घेतला आणि मुळ्याचं चांगलं लोणचं बाहेर काढलं.

सणाच्या दिवशी पावसात बर्फ मिसळून पडत होतं. तोकुजी दुपारी यायचा होता, म्हणून तिने ताटही दुपारी मांडलं. गोड भाताचे लाडू केले, वर लाल चवळीचा लेप दिला, पितरांना देतात तसा. खेकड्याचा वाडगा स्वयंपाकघरात रिकामाच झाकून ठेवला. आज त्याच्याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

तिने लाटांच्या वाडग्यात सार ओतलं, झाकण ठेवलं.

“गिसाकु, जेवायला या.”

“आलो,” बाहेरून आवाज आला.

“या, या,” ती म्हणाली. घरी आलेल्या माणसाला म्हणायची सवय, विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

दार सरकलं.

उंबऱ्यात उभा होता तो गिसाकु नव्हता. चेहरा निमुळता, हनुवटी लांब. अंगावर जाड टाक्यांचा भिजलेला डगला, आणि डोक्यावर केसांची गाठ, जुन्या चित्रांत पुरुषांची असते तशी. त्याच्या कपड्यांतून पाणी जमिनीवर पडत होतं. तो आत आला आणि न विचारता गिसाकुच्या जागेवर मांडी घालून बसला.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “वारा पडला होता.”

त्याने झाकण उचललं. ते कोरडं होतं. त्याने सार प्यायला सुरुवात केली.

मात्सुएने भिंतीला हात टेकला. “नाव काय तुमचं?” ती कसंबसं म्हणाली.

त्याने काड्या थांबवल्या आणि आठवून पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं, पण निघालं नाही.

“गिसाकु,” तो म्हणाला. “तूच नाही का रोज सांगत होतीस?”

बाहेर छत्री झटकल्याचा आवाज झाला. तोकुजी. मात्सुएला हायसं वाटलं. आता तोकुजी बघेल. आता तोकुजी ओरडेल, शेजारी येतील, हे थांबेल.

तोकुजी दारात आला. त्याच्या हातातला कागद खाली पडला.

“दादा,” तो म्हणाला.

मग तो बुटांसकट आत धावला आणि त्या माणसाच्या गळ्यात पडला. पन्नाशीला आलेला तोकुजी लहान मुलासारखा हुंदके देत होता. “दादा, कुठे होतास रे? जरासुद्धा बदलला नाहीस रे! वहिनी, अहो बघताय काय अशा? आणि मी... मी कागद घेऊन आलो होतो! चपलेनं मारा मला!” त्याने कागद उचलला, बोळा करून शेगडीत टाकला. त्या माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, हात कुठे ठेवायचा ते जरा शोधून.

मात्सुए बोलू शकली असती. एकच वाक्य हवं होतं, ‘हे ते नाहीत.’ ते तिच्या जिभेवर होतं. तिने त्या भरलेल्या जागेकडे पाहिलं, संपत आलेल्या भाताकडे पाहिलं, आणि भात आणते म्हणून उठली.

स्वयंपाकघरात खेकड्याचा वाडगा झाकलेला होता. आत काही नव्हतं, तिने सकाळपासून त्याला हात लावला नव्हता. तिने झाकण उचललं.

आतून पाणी गळत होतं.

तिने थेंब जिभेवर घेतला. खारट. तिने झाकण कमरेला खोचलेल्या कापडाने कोरडं केलं, पुन्हा ठेवलं, दहा मोजले, उचललं. पाणी. पुन्हा पुसलं. पुन्हा पाणी, आधीपेक्षा जास्त.

म्हणजे गिसाकु होता. कुठल्यातरी पाण्यावर, आज, आत्ता, उपाशी, आणि सुखरूप. योसाबुरोसारखा, वर्षानुवर्षं, सुखरूपच राहणार होता. आणि घरी त्याच्या जागेवर माणूस जेवत होता.

“वहिनी!” बाहेरून तोकुजीची हाक आली. तो आता हसत होता. “भात आणताय ना? दादाचं ताट रिकामं झालंय!”

मात्सुएने ओलं झाकण वाडग्यावर ठेवलं आणि भाताचं भांडं घेऊन बाहेर आली. त्या माणसाने वाडगा पुढे केला, आणि तिने वाढलं.